भंडाऱ्यातली हजाराची नोट

“खोटी? माझ्या धन्यानं धा बकरी इकून आणलेली नोट खोटी?”

खांद्यावर घोंगडी घेतलेल्या बनाबाईनं काउंटरवर हात आपटला. नोटेवरचा भंडारा उडून काच हळदीनं पिवळी झाली.

सांगलीतल्या या जुन्या नाणी-नोटांच्या दुकानात राजवर्धन साताऱ्याहून आला होता. त्याच्या अल्बममध्ये एकच जागा रिकामी होती, तंजावरच्या देवळाचं चित्र असलेल्या मोठ्या हजाराच्या नोटेची. ती आता त्याच्या हातभर अंतरावर पडली होती.

“मावशी, खोटी म्हणजे खोटी,” दुकानदार भाऊसो खेकसला. “जतवरनं आलीस म्हणून दोनशे देतो. घे आणि निघ.”

“अठ्ठ्याहत्तर साली नोटा बंद झाल्या तवा बी बदलली न्हाई आमी. बिरोबाला वाह्यलेलं कुणी परत घेतं व्हय? आता देवाच्याच छपरावर पत्रा घालायचा म्हणून काढली, तर खोटी म्हणतोस? मुडदा बशिवला तुझा!”

नोट उचलून ती तरातरा बाहेर पडली.

राजवर्धनचं डोकं फिरलं. खोट्या नोटेचे कोणी दोनशे देतं का? “म्हातारीला भरदिवसा लुबाडता? लाज वाटत नाही?”

“साहेब, तुमच्यासमोर सांगितलं की. खोटी आहे ती.”

“चोर!” म्हणून राजवर्धन धावला.

रसाच्या गाड्यापाशी बनाबाई पदरानं डोळे पुसत होती. नोटेचा बाजारभाव त्याला पाठ होता. त्याच्या दहाव्या हिश्शात त्यानं ती घेतली. अन्याय त्याला बघवत नसे.

“आवं, एवढं?” बनाबाई पाया पडायला वाकली.

“राहू द्या. पण त्या नालायकाची पायरी पुन्हा चढू नका.”

“मेले तरी न्हाई चढायची!”

एसटी साताऱ्यात शिरली तरी राजवर्धनचा राग उतरला नव्हता. असल्या लबाडांमुळेच हा छंद बदनाम होतो, असं त्यानं शेजारच्या प्रवाशाला दोनदा ऐकवलं.

तिकडे दुकानात बनाबाईनं घोंगडी खुंटीला अडकवली, चष्मा लावला आणि पंखा वाढवला.

“कॉलनीत भिशी आहे माझी, आज लवकर जाते. आणि तो मुडदा बशिवला, ते मनावर घेऊ नकोस हं.”

भाऊसोनं खणातून दुसरी हजाराची नोट काढून हळदीच्या डब्यात घोळवली.

“आई, मी तर प्रत्येकाला खरंच सांगतो,” तो वैतागून म्हणाला. “लोक ऐकतच नाहीत.”