बंगारम्माचं उत्तर

हित्तलमक्कीचा नदीकाठ गेल्यात जमा आहे, हे तम्मप्पाला पंचायतीच्या सभागृहात, खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं. बेंगळुरूच्या एका संस्थेतून आलेल्या वैदेही अडिग पडद्यावरचा अहवाल वाचून दाखवत होत्या. डोंगरावर तळं बांधायचं, खाली नदीला बांध घालायचा, दिवसा उन्हाच्या विजेवर नदीचं पाणी वर चढवायचं आणि रात्री ते खाली सोडून वीज करायची, असा बेत होता. त्यात काठावरची आंब्याची झाडं बुडणार. ती बुडाली तर गावाचं किती नुकसान, हे काढायचं काम बाईंच्या संस्थेकडे होतं. नुकसान इतकं किरकोळ निघालं की पुढच्या रांगेतल्या वीज कंपनीच्या माणसानं ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

हा आकडा सांगितला कुणी, असं शेजारच्या गणप्पानं उठून विचारलं.

बाईंनी न चिडता समजावून सांगितलं. प्रत्येक घरात जाऊन विचारलं होतं, काठ सोडायचे किती घ्याल? ज्यांनी आकडा सांगितला त्यांची सरासरी काढली. ज्यांनी कितीही दिले तरी देणार नाही असं सांगितलं, त्यांची सरासरी काढता येत नाही, म्हणून ती उत्तरं बाजूला काढली. सगळ्या जगात असंच करतात.

मग उरलं कोण, असं गणप्पानं विचारलं. बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि जरा हळू आवाजात सांगितलं. उरले होते ते बहुतेक शिवमोग्ग्याला नि बेंगळुरूला राहणारे, जत्रेपुरते गावी आलेले.

"म्हणजे राहिले ते गेले, आणि गेले ते राहिले," मागून कुणीतरी म्हणालं. सभागृह हसलं.

तम्मप्पा हसला नाही. बाजूला काढलेल्यांत त्याची बायको बंगारम्मा होती, आणि पुन्हा उत्तर द्यायला ती आता नव्हती. भाताची कापणी उरकली आणि ती गेली.

बाई काही वाईट नव्हत्या. त्या स्वतः घरी आल्या होत्या, पाटावर बसून जेवल्या होत्या. बंगारम्मा तेव्हा लोणच्याच्या कोवळ्या कैऱ्यांचे देठ कापत होती. या कैऱ्या झाडावरून खाली टाकायच्या नसतात, टोपलीत घालून दोरीनं उतरवायच्या असतात. कुठली कैरी कुठल्या झाडाची, हे ती देठाच्या वासावरून सांगत होती आणि बाईंनाही वास घ्यायला लावत होती.

तालुक्याच्या अधिकाऱ्यानं तोडगा काढला. सभा संपेपर्यंत ज्यांना आकडा सांगायचा असेल त्यांनी सांगावा, तो अहवालात धरला जाईल. लोक टेबलापुढे उभे राहू लागले. गणप्पाही सांगून आला आणि तम्मप्पाच्या कानाशी वाकला.

"जा महाराया. काहीतरी बोल. हिशेबात तरी येशील."

"मोठा सांगू?"

"फार मोठा नको. तोही काढून टाकतात म्हणे."

तम्मप्पा उठला आणि टेबलापाशी गेला. बाईंनी त्याला ओळखलं, बंगारम्माचं ऐकून वाईट वाटलं असं म्हणाल्या. त्यानं मान हलवली. मग विचारलं, ती तेव्हा काय म्हणाली ते तुमच्याकडे आहे का? बाजूला काढलेली उत्तरंही जपून ठेवलेली असतात, असं बाई म्हणाल्या, आणि त्यांनी लॅपटॉपवर ते शोधून काढलं.

"मोठ्यानं वाचा, अम्मा."

बाईंनी लॅपटॉप जवळ ओढला. मग त्यांनी वाचलं.

"मी नाही सांगत. तूच तुझ्या बेंगळुरूचे किती घेशील ते सांग. परवडलं तर घेते मी, नाहीतर राहू दे तुझं तुला."

लोक पुन्हा हसले. पण अर्ध्यातच थांबले. बाईंच्या तोंडून बंगारम्माच बोलल्यासारखं झालं होतं.

"हेच आमच्या घराचं उत्तर," तम्मप्पा म्हणाला. "हे धरा."

"इथे फक्त आकडा चालतो, अण्णा. आकडा नसेल तर मला काढावंच लागतं."

"मग काढा. पण आत्ता काढा. मागच्या वेळी काढलंत तेव्हा आम्ही घरी होतो. आज मी इथे उभा आहे."

बाईंचा हात लॅपटॉपवर होता. अधिकारी म्हणाला, मॅडम, आटपा, अजून लोक आहेत. कंपनीच्या माणसानं तम्मप्पाला खुर्ची देऊ केली. तम्मप्पानं खुर्चीकडे पाहिलंही नाही.

तेवढ्यात गणप्पा रांग मोडून पुढे आला.

"मॅडम, माझा आकडा परत द्या."

"का?"

"बायको घरात घेणार नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आकडा सांगून बसलेला आणखी एक जण उठून म्हणाला, माझाही द्या. रांगेत उभी असलेली म्हातारी म्हणाली, मी अजून सांगितलेलाच नाही, आणि आता सांगणारही नाही. ती तम्मप्पाच्या शेजारी येऊन उभी राहिली.

अधिकाऱ्यानं सभा संपल्याचं जाहीर केलं. कुणी हललं नाही. अहवाल पुरा करायचा तर बाईंना बंगारम्माच्या ओळीत आकडा घालायला हवा होता, नाहीतर ती ओळ काढून टाकायला हवी होती. त्यांनी तम्मप्पाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि लॅपटॉपवरचा हात मांडीवर घेतला.

अहवाल अजून गेलेला नाही. बंगारम्माचं उत्तर काढून टाकायचं राहिलं आहे.