उजवा खांदा

प्रेमिला गेल्याचं डोमाला नागपूरच्या मैदानावर कळलं. उजव्या खांद्याला बर्फ लावून तो पायरीवर बसला होता. सकाळी बाराव्या षटकात खांद्यातून कळ आली होती. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस या खांद्यावर पाण्याची बादलीसुद्धा घ्यायची नाही. सोळाव्या दिवशी मध्य विभागाच्या निवडीचा सामना होता. डोमा एकोणतीस वर्षांचा होता. रणजीचे नऊ सामने खेळलेल्या वेगवान गोलंदाजाला तिशीनंतर कोणी बोलावत नाही.

संघाचे व्यवस्थापक गुणवंतराव फोन ठेवून बाहेर आले.

"डोमा, भद्रावतीच्या एसटीडीवरून तुझ्या साळ्याचा फोन होता. बायकोचा ताप डोक्यात गेला." ते पायरीवर त्याच्या शेजारी बसले. "गेली रे ती."

डोमा तसाच उठला. कपडे बदलायचं त्याला सुचलं नाही. बर्फाची पिशवी मात्र त्यानं सोडली नाही. तीन तास एसटीत ती वितळत राहिली आणि शर्टाची उजवी बाजू भिजली.

गावाच्या फाट्यावर तो उतरला. दर वेळी सामन्याला निघाला की प्रेमिला त्याची किटबॅग डोक्यावर घेऊन इथपर्यंत यायची. तो रिकाम्या हातांनी पुढे चालायचा. तलावात जाळं टाकणारी माणसं हसायची. ती त्यांना ओरडून सांगायची, "मले दोन नवरे हायेत! एक हा, आन् एक याचा खांदा. खांद्याले जास्त जपा लागते गा!"

दारात तिरडी बांधून तयार होती. सगळे त्याच्यासाठीच थांबले होते.

"नवरा पुढं," म्हातारा इसरू म्हणाला.

डोमानं पुढचा दांडा डाव्या खांद्यावर घेतला. विचार करून घेतला नाही. बादली, सरपण, ओलं जाळं, काहीही उचलायचं झालं तर नऊ वर्षं तो डावा खांदाच पुढे करत आला होता. बरीच पावलं चालल्यावर ते त्याच्या ध्यानात आलं. शेजारच्या दांड्याखाली प्रेमिलाचा भाऊ पत्रू होता. त्याच्या ते आधीच ध्यानात आलं होतं.

तिरडी हलकी होती. किटबॅग याहून जड असेल, असं डोमाला वाटलं. फाट्यापर्यंत नेताना ती किती जड होते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली विसावा आला. तिरडी खाली ठेवली. इथे पुढचे मागे जातात, मागचे पुढे येतात आणि प्रत्येक जण खांदा बदलतो. सगळे बदलले. डोमा मागे गेला, पण त्याच बाजूला उभा राहिला, म्हणजे दांडा पुन्हा डाव्याच खांद्यावर आला असता.

"भाऊजी, तुमी तिकडं," पत्रू म्हणाला. "इकडं मी."

"मले इकडंच राहू दे."

"काऊन?"

डोमानं खाली पाहिलं. "उजवा दुखून राह्यला."

"आन् आमचे खांदे का फुकटचे हायेत?" पत्रूचा आवाज चढला. "जिंदगीभर तिनं तुमचं ओझं वाह्यलं. आज अर्धा रस्ता..."

"पत्रू, चूप राय." सासरा देवाजी मागून पुढे आला. "राहू दे जावयाले तिथीच. तिलेबी तेच पाह्यजे असतं. परवा तापात बडबडून राह्यली होती. म्हणे, बाबा, त्यायले फाट्यावर बॅग नका नेऊ देऊ, मी उठलीच."

पत्रूनं गमछ्यानं तोंड पुसलं.

डोमा जागा सोडून पलीकडे वळला. पण तो येत नाही असं पाहून इसरूनं त्या कोपऱ्यावर आधीच गावातल्या सुकलूला उभं केलं होतं. डोमानं सोडलेली जागा पत्रूनं घेतली. इसरूनं आवाज दिला आणि तिरडी उचलली गेली.

सुकलूला "सरक" म्हणायला एक शब्द पुरला असता. चिता दोनशे पावलांवर होती. तेवढं अंतर डोमा एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा पळत असे. तो बोलला नाही. तिरडीच्या बाजूनं चालत राहिला. त्याच्या दोन्ही खांद्यांवर काही नव्हतं. उजव्याला त्यामुळे जरा बरं वाटत होतं, आणि ते त्याला कळत होतं.

तेरवीनंतर दुसऱ्या दिवशी तो नागपूरला निघाला. गुणवंतरावांनी मागाहून पाठवलेली किटबॅग त्यानं स्वतः फाट्यापर्यंत नेली, उजव्या खांद्यावरून. ती जड होती. तलावातल्या माणसांनी जाळी थांबवून त्याच्याकडे पाहिलं. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी निवडीच्या सामन्यात त्यानं एकोणीस षटकं टाकली. खांदा एकदाही दुखला नाही.

प्रेमिलाला त्या खांद्यावर घ्यायचं राहिलं.