फोटोपुरता झाडू
मुकादमाने सकाळीच फर्मान सोडलं, "शेठ रस्ता झाडायला येताहेत. फोटोसाठी वाळकी पानं पसर." झाडूवाली मावशी नुकतीच गल्ली लख्ख करून टेकली होती. तिने राग गिळला, पानं पसरली. शेठ हातमोजे चढवून आले. मागे त्यांचाच पन्नास मजली टॉवर उभा होता. त्याचा कुजका कचरा रोज याच गल्लीत पडायचा. दोन फटकारे मारून शेठ कॅमेऱ्याकडे बघत हसले, "एवढ्याशा कामाला हे लोक पगारवाढ मागतात!" मावशीचं टाळकं सरकलं. तिने टॉवरच्या कचऱ्याने भरलेली ढकलगाडी त्यांच्या चकचकीत बुटांवर पालथी केली. बघ्यांनी टाळ्या पिटल्या. शेजारच्या न्हाव्याने दुकानातले केस आणून ओतले, वरच्या गॅलरीतून साली बरसल्या. "मावशे, उचल लवकर! नोकरी जाईल!" मुकादम किंचाळला. मावशी पायरीवर ऐसपैस बसली. "मी कशाला? झाडू त्यांच्या हातात आहे ना!"