सुटा क्वार्क मिळत नाही

"हे तर हलतच नाही," परीक्षक म्हणाले आणि तीन चेंडूंचा प्रोटॉन त्यांनी परत टेबलावर ठेवला.

रूपानं वाकून पाहिलं. सकाळी तांड्यावरून निघताना चेंडू सायकलच्या ट्यूबनं सैल, आतल्या आत हलतील असे बांधलेले होते. आता त्यांच्यावर सुतळी करकचून आवळलेली! तिनं मागं पाहिलं. तिचा बाप थावरा लाल पटका बांधून ऐटीत उभा होता.

"लई ढिलं होतं पोरी," तो म्हणाला. "हिंगोलीला येईस्तोवर सुटलं असतं. पेरणीची तिफण आवळतो तसं आवळून दिलं, बराबर!"

झालं कल्याण! विभागाच्या विज्ञान प्रदर्शनाला जिल्ह्यातून एकच मॉडेल जाणार, आणि ते बापानंच जखडून टाकलेलं. रूपाला असा राग आला, की बस्स.

मग एकदम तिचे डोळे चमकले. "सर, एक मिनिट थांबा! कोमल, इकडं ये. बा, तू बी ये. अन् पटका सोड."

मैत्रीण कोमल धावत आली. थावरा मात्र जागीच थबकला. तांड्यातला माणूस चारचौघांत डोकं उघडं करत नाही. केलं तर मान गेला. त्यानं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं, आणि पटका सोडला.

रूपानं तिघांच्या कमरेभोवती त्याचं एकच कडं बांधलं. "आमी प्रोटॉनातले तीन क्वार्क. जवळ असलो की मोकळे." तिघं आतल्या आत हलली, डुलली. "लांब जाऊ लागलो की ताण. आता माझ्या बापाला ओढा, सर. एकट्याला बाहेर काढून दाखवा!"

परीक्षकांनी थावराचा हात धरून ओढला. पटका ताठ झाला. त्यांनी आणखी जोर लावला, तर तिघंही धडपडत त्यांच्या अंगावर! पोरं टाळ्या पिटून ओरडायला लागली, "ओढा सर, ओढा!"

"निघतच न्हाई, सर!" रूपा किंचाळली. आनंद तिच्या अंगात मावत नव्हता. "अन् लईच ताकद लावली, तर त्या ताकदीतून नवे क्वार्क जन्मतात अन् लगेच ह्याला येऊन चिकटतात. पण एकटा, सुटा? कधीच न्हाई!"

परीक्षक धापा टाकत, चष्मा सावरत हसले. "विभागाला जाताना मॉडेल नीट घेऊन जा."

रूपा चेंडू उचलायला वळली.

"ते नव्हे," ते म्हणाले, आणि उघड्या डोक्यानं उभ्या असलेल्या थावराकडं त्यांनी बोट दाखवलं.