अबोल्याचा पाचवा दिवस

विजयमालाबाईंनी ‘फाइली दाखव’ अशी आज्ञा दिली आणि संगणकाला आज्ञा लिहून द्यायच्या काळ्या खिडकीनं चक्क कानांवर हात ठेवले. ‘कमांड नॉट फाउंड.’ अशी आज्ञाच सापडत नाही म्हणे!

आज्ञा उतरवून ठेवलेल्या वहीतली दुसरी दिली. तेच. तिसरी दिली. तेच. नऊ वर्षं मंडईतले गाळे पालथे घालून गोळा केलेले भाजीवाल्यांचे चार हजार शब्द त्या यंत्रात होते. सोमवारी ते छापखान्यात जायचे होते.

हा प्रताप त्यांचाच होता. सकाळी त्यांनी स्टार्टअप फाइलीत स्वतःच्या अकलेनं एक ओळ बदलली होती. ही फाइल म्हणजे यंत्राला दिलेली कामांची यादी. खिडकी उघडली रे उघडली की यंत्र ती यादी वरून खाली वाचणार आणि मुकाट तसं वागणार. दुरुस्त करणारा माणूस पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होता. पण यज्ञेश्वररावांशी आज पाच दिवस अबोला होता. व्याह्यांसमोर ‘हिला त्या कॉम्प्युटरमधलं काय कळतंय’ म्हणाले होते ना! आता कुठल्या तोंडानं नवऱ्याला हाक मारायची?

वहीत एकच आज्ञा उरली होती, ‘एको’. पुढे लिहाल ते खिडकीनं म्हणून दाखवायचं, एवढंच तिचं काम. बाईंनी वैतागून लिहिलं, ‘एको मेलं हे’.

‘मेलं हे’, खिडकी म्हणाली.

अगंबाई! सगळं बंद पडलं आणि बोलणं तेवढं चालू! इतक्या काळजीतही बाईंना हसू फुटलं.

‘एको’ची ओळ त्या स्टार्टअप फाइलीच्या तळाशी कशी चिकटवायची, तेही वहीत होतं. चार वाजता यज्ञेश्वरराव नेहमीप्रमाणे संगणकावर बसणार, खिडकी उघडणार. बाईंनी अबोल्याच्या रीतीनं लिहिलं, ‘ज्याला वेळ असेल त्यानं बघावं.’ चहासुद्धा पाच दिवस ‘घेणाऱ्यानं घ्यावा’ असा भिंतीलाच सांगितला जात होता. मग ते चार हजार शब्द डोळ्यांपुढे आले. एंटर दाबायच्या आधीच त्यांनी सगळं खोडलं आणि लिहिलं, ‘अहो, माझं चुकलं.’

एंटर दाबून, खिडकी बंद करून त्या गवार निवडायला बसल्या. एक शेंग धड मोडेना.

चारला आत खुर्ची सरकली. मग बराच वेळ नुसती बटणं वाजत राहिली.

“अगं, ये इकडे,” यज्ञेश्वरराव म्हणाले. “आज्ञा कुठे कुठे शोधायच्या, त्या पत्त्यांची ओळ होती ती. तिथे नवा पत्ता जोडायचा असतो. तू जुने सगळे पुसून बसलीस. ‘एको’ तेवढी खिडकीच्या अंगचीच, तिला पत्ता लागत नाही. शब्द आहेत तुझे, जागच्या जागी.”

बाईंचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून त्यांनी वाकून स्वतःच नवी खिडकी उघडली.

‘अहो, माझं चुकलं.’

आणि त्याखाली, त्यांनी न लिहिलेली एक ओळ: ‘माझंही.’

यज्ञेश्वरराव खाली मान घालून चष्मा पुसत होते. “काम झालंय. काढून टाकू का आता त्या दोन ओळी?”

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “अख्ख्या फाइलीत तेवढ्याच बिनचूक आहेत.”