बुधवारचा जिताडा

पाटीवर ओलं फडकं टाकून रखमा मागच्या दारानं बाहेर पडली, तशी गिरजाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. आजही बुधवारच. फडक्याखालून शेपूट डोकावत होतं. जिताड्यासारख्या हातभर माशाचं शेपूट झाकायला फडकं पुरत नाही, गोधडी लागते.

गिरजाबाई थोरली जाऊ, रखमा धाकटी. जमिनी सरकारनं नव्या शहराला घेतल्या, चुली वेगळ्या झाल्या. तुर्भ्याच्या घरामागचं तळं तेवढं दोघींच्यात राहिलं होतं, आणि त्यातले मासेही.

पोरगे दोघींचेही डॉक्टर. रखमाचा नंदकुमार वयानं मोठा, पण दोनदा आपटला आणि शेवटी धाकट्या चुलतभावाच्या बरोबरीनं कसाबसा वर आला. गिरजाबाईचा श्यामसुंदर मात्र एका फटक्यात, तोही वरच्या नंबरानं.

आता दोघांना एकच जागा हवी होती. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सर्जरी शिकायची एक जागा उरली होती आणि अर्जही ह्या दोघांचेच होते. मिळाली तर पोरगा सर्जन, नाहीतर जन्मभर नाक्यावर तापाच्या गोळ्या वाटायच्या. निवडायचं काम तिथल्या बड्या डॉक्टरांचं. ते राहायचे वाशीला, खाडीकडच्या नव्या बंगल्यात, आणि दर बुधवारी रखमाची पाटी त्याच बंगल्यात उतरायची.

श्यामसुंदरनं बजावलं होतं, मार्कांवर होईल, तू कुठं जाऊ नकोस. गिरजाबाई जाणारही नव्हती. दुसऱ्याच्या उंबऱ्याशी वाकायला तिची कंबर कधी शिकलीच नव्हती. पण साहेबाच्या घरी जिताडा पोचला की साहेबाची मान हलते, ही पंचक्रोशीची रीत तिला परकरात असल्यापासून ठाऊक. तलाठी बघितला, मामलेदार बघितला. सगळे ह्याच माशाला पाघळलेले. रखमानं नापास पोरासाठी तीच वाट धरली होती. आणि मासा कुणाचा, तर निम्मा गिरजाबाईचा.

तिला घास गोड लागेना. गावात कुणाची हळद असली की बायका आजवर पहिला पाट तिला मांडायच्या. उद्या म्हणतील, सर्जनच्या आईला आधी बसू दे. आणि ती रखमा, जिला लग्न होऊन आली तेव्हा भाकरी थापता येत नव्हती, ती पदर सावरत बसेल पाटावर.

दुसऱ्याच दिवशी सकाळी गिरजाबाई वाशीला बंगल्यावर हजर. आपण कोण हे मात्र तिनं सांगितलं नाही. अमक्याची आई म्हणून उभी राहिले, तर तोही वशिलाच झाला. तिचा पोरगा वशिल्याचा नव्हता.

डॉक्टर ओट्यावर पेपर वाचत होते.

"डाक्तर, तुमी इस्पितलात जाता आन मागं तुमच्या दारी जिताडा येतो," ती म्हणाली. "हिरव्या लुगड्याची बाय आनते. घरच्या पोराला तुमची जागा पायजे म्हनून. मंग ज्यानं डोले फोडून अभ्यास केला, त्यानं काय करावा?"

डॉक्टरांनी पेपर घडी करून ठेवला आणि आत गेले. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आधी चढला, मग पडला. एवढं प्रेमानं कुणी आणलं तर नाही कसं म्हणायचं, असं काहीसं चाललं होतं. मग डॉक्टरांनी पोराचं नाव विचारलं. बाईंनी सांगितलं ते बाहेर ऐकू आलं नाही. गिरजाबाईला ऐकायची गरजही नव्हती.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"बरं झालं सांगितलंत, बाई. माझ्या घरी ज्याचा वशिला येतो, त्याचं नाव मी कापतो. मग तो कुणीही असो."

त्यांनी चहा विचारला. तिनं नको म्हटलं. जिंकलेल्या माणसाला तहान लागत नाही.

त्या आठवड्यात ती रखमाशी गोड बोलली. तळ्याच्या बांधावर बसून तिची विचारपूस केली, वर नंदूला सांग, मन लहान करू नको, असंही म्हणाली. रखमा बापडी हसली.

निवडीच्या दिवशी श्यामसुंदर घरी आला आणि बूट न काढताच ओटीवर बसला. जागा नंदूदादाला लागली, म्हणाला. आपल्याला तर आत बोलावलंसुद्धा नाही. एवढं बोलून त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

गिरजाबाई तशीच उठली आणि रखमाच्या दारात जाऊन उभी राहिली. रखमा चुलीपुढं बसून डोळ्याला पदर लावत होती. पोराला जागा लागली आणि हिचं हे नाटक.

"रडतेस कशाला गो?" गिरजाबाई म्हणाली. "पेढे वाट. तुज्या माशानं नापासाला सर्जन केला आन माज्या हुशार पोराला घरी बसवला. डाक्तरबी तसलाच निघाला, तोंडानं येक बोलला आन केला दुसराच. ठावं असतं तुज्या पोटात येवरा इख हाय, तर तलं तवाच वाटून घेतलं असतं."

रखमानं वर पाहिलं.

"आक्का, मला बी काय कलत नाय," ती म्हणाली. "नंदूचं नाव मी थितं काढलंच नाय. दोनदा नापास पोराचं नाव कंच्या तोंडानं घेऊ? दर बुधवारी मी आपल्या श्यामचंच नाव सांगून आले. म्हनलं, तो मोठा झाला तर माज्या नंदूला हाताखाली घेल."