टाचेतली गाठ

"गाठ? टाचेत?" काकूंनी चष्मा वर सरकवला. "अगं, मोज्याच्या टाचेत कुणी गाठ मारतं का? पायाखाली दगड होतो तिचा!"

खरं तर भिंगरीची आई शाबासकी घ्यायला वरच्या मजल्यावर आली होती. पहिला मोजा काकूंच्या नजरेखाली झाला होता, पण दुसरा तिने काल दुपारी एकटीने पुरा केला होता आणि आज सकाळी ती जोडी लेकीच्या पायांत चढवून तिला शाळेत धाडलं होतं. टाच अर्ध्यावर असताना लोकर संपली. मग तिने लोकरीचा नवा गुंडा जोडला, गाठ मारली, सुटू नये म्हणून तिच्यावर आणखी दोन मारल्या, आणि बाहेरून दिसू नयेत म्हणून तिन्ही आत ढकलल्या. हे सगळं ती मोठ्या कौतुकाने सांगत होती.

"कुठल्या पायात घातलास तो?" काकूंनी विचारलं.

तिला आठवेना. दोन्ही मोजे निळे, दोन्ही सारखे. तिने काकूंच्याच चपला पायात अडकवल्या आणि ती जिन्यावरून धावत सुटली.

भिंगरी हे नाव पोरीला उगाच पडलं नव्हतं. ती कधी जागेवर ठरायचीच नाही. चार महिन्यांपूर्वी तिच्या पाठीच्या कण्यावर ऑपरेशन झालं. पोर वाचली, चालायलाही लागली, पण डाव्या पायाला घोट्याखाली काही कळेनासं झालं. चिमटा काढा, बर्फ लावा, पाय आपला ढिम्म. डॉक्टर म्हणाले होते, "येईल परत कदाचित. कदाचित नाहीही येणार. तोवर त्या पायाला काय होतंय, ते तुम्ही डोळ्यांनी बघायचं."

आणि एकदा बघायचं राहिलं. बुटात वाटाण्याएवढा खडा गेला होता. पोर दिवसभर त्यावर नाचली आणि संध्याकाळी गाणं म्हणत घरी आली, तेव्हा मोजा रक्ताने भिजला होता. ती जखम भरायला पाच आठवडे लागले. आईच्या मनातली भीती मात्र काही केल्या जाईना. दुकानातल्या मोज्यांची शिवण बघितली तरी तिच्या अंगावर काटा यायचा. म्हणून तर जन्मात सुई हातात न धरलेली बाई काकूंकडे विणकाम शिकायला गेली.

काकूंनी शिकवलेली टाच म्हणजे तिच्या मते अघोरीच प्रकार होता. ओळ पुरी करायचीच नाही. शेवटचा टाका तसाच सोडायचा, त्याला लोकरीचा वेढा द्यायचा आणि मागे फिरायचं. पुढच्या ओळीत आणखी एक सोडायचा. असं करत मधे आठच टाके उरले की उलटं सुरू करायचं, सोडलेला एकेक टाका त्याच्या वेढ्यासकट उचलून आणायचा, म्हणजे वाटीसारखी टाच तयार होते. सुईवर ताटकळणारे ते टाके ती पुन्हा पुन्हा मोजायची. हे निसटले तर?

"नाही गं निसटत," काकू म्हणायच्या. "आधी तू श्वास घे बघू!"

सात वेळा उसवून आठव्यांदा ती टाच जमली होती. म्हणूनच काल तिने बोटांकडची बाजू चारचारदा चाचपली आणि टाच नुसती कौतुकाने बघत बसली.

आता साडेअकरा वाजले होते. शाळा आठला भरली होती. साडेतीन तास ते पाऊल त्या गाठींवर पडत होतं. उजव्या पायात असू दे रे देवा, ती धावता धावता म्हणत होती, उजव्या पायात असू दे. उजव्याला कळतं, उजवा बोंब तरी मारील! सिग्नलला एका रिक्षावाल्याने तिला शिवी हासडली. शाळेच्या फाटकावर रखवालदार "अहो बाई, वही, सही" म्हणत मागे आला. तिला काही ऐकू येत नव्हतं.

ती वर्गाच्या दारात पोचली. भिंगरी शेवटच्या बाकावर गाल फुगवून बसली होती. उजव्या पायात बूट होता. डावा पाय उघडा होता आणि निळा मोजा फरशीवर पडला होता.

"रक्त किती गेलं?" ती भरल्या वर्गात ओरडली.

"रक्त?" वर्गाच्या बाई चक्रावल्या. "कसलं रक्त? बरं झालं तुम्हीच आलात. सकाळपासून डोकं उठवलंय हिने. दोनदा मी मोजा घातला, दोनदा हिने काढून फेकला. आता तुम्हीच समजवा बाई तिला."

आई तिथेच फरशीवर बसली. तिने डावा पाय मांडीवर घेतला आणि टाच उजेडाकडे वळवली. कातडी शाबूत होती. एक तांबडा ठिपका तेवढा उठला होता. तिचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ असा राग आला की विचारू नका.

"किती वेळा सांगितलंय गं तुला, मोजा काढायचा नाही म्हणून? मी इकडे भीतीने अर्धी झाले! का काढलास?"

भिंगरीने पाय ओढून घेतला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "मग टाचेला टोचतो ना तो!"